चार बोटं तिरकी मॅट

संपादकांनी फोनवर सांगितलं, "बापू, अंपायरिंगमधल्या गमती लिहा. फराळ खाता खाता वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." गमती पुष्कळ आहेत, त्या देतो. पण त्यांच्या मधोमध एक कबुलीही बसवणार आहे. नव्वदच्या दशकात कबनूरच्या इराप्पा नावाच्या फलंदाजाविरुद्ध मी एक रिपोर्ट लिहिला होता. तो खोटा होता आणि तो दुरुस्त करायचा राहिला आहे. संपादकांना हे सांगितलेलं नाही. छापून आल्यावर कळेलच.

पोटापाण्याला मी कोल्हापुरात पाटबंधारे खात्यात कारकून होतो. सोमवार ते शनिवार साहेब सांगतील ते ऐकायचं आणि रविवारी पांढरा कोट चढवून बावीस जणांना ऐकवायचं. कोटाच्या उजव्या खिशात सहा चिंचोके. एक चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशात. सहा झाले की षटक संपलं. शहरातले अंपायर त्यासाठी यंत्र वापरायला लागले तरी मी चिंचोके सोडले नाहीत. यंत्र बिघडतं. चिंचोक्याला फार तर कीड लागते.

अंपायरचं काम बाहेरून फार सोपं दिसतं. त्रिफळा उडाला तर प्रेक्षकांतल्या म्हशीलाही कळतं. झेल सगळ्यांना दिसतो. अंपायरची खरी परीक्षा असते ती पायचीतची, कारण तिथे जे घडलेलंच नाही त्यावर निकाल द्यायचा असतो. चेंडू पायाला लागला नसता तर स्टंपांवर गेला असता, असं आपल्याला वाटलं की फलंदाज बाद. हे 'गेला असता' कुणीही पाहिलेलं नसतं, म्हणून भांडायला सगळे मोकळे असतात.

आमच्या हिने, म्हणजे सुमनने, लग्नानंतर पंधराएक वर्षांनी एकदा विचारलं, की ह्या पायचीतवरून लोक आपल्या घरापर्यंत भांडत का येतात. मी पोळपाटावर लाटणं आणि तीन चमचे मांडून तिला समजावलं. पहिला प्रश्न, चेंडूचा टप्पा कुठे पडला? फलंदाजाच्या पायांमागच्या बाजूला, म्हणजे लेग स्टंपच्या बाहेर पडला असेल, तर पुढचं काही बघायचंच नाही. मग तो वळून थेट मधल्या स्टंपवर निघालेला असला तरी नाबाद. दुसरा, पायाआधी बॅटला लागला का? लागला असेल तर विषय संपला. तिसरा, पायाला लागला तेव्हा स्टंपांच्या रेषेत होता का? समोरच्या बाजूला, ऑफ स्टंपच्या बाहेर लागला आणि फलंदाजाने खेळायचा प्रामाणिक प्रयत्न केला असेल तर त्याला माफी. बॅट काखोटीला मारून नुसता पाय पुढे केला असेल तर माफी नाही. ह्या सगळ्या चाळणीतून चेंडू खाली आला, की मग शेवटचा प्रश्न, तो स्टंपांवर गेला असता का?

तिने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं परत ताब्यात घेत म्हणाली, "एवढं सगळं पापणी लवायच्या आत बघतासा, आणि कपाटातला सोताचा बनियन दिसत न्हाय?"

पुष्कळ अंपायर त्या काळी पायचीत द्यायचेच नाहीत. संध्याकाळी घरी सुखरूप जायचं असतं. मी द्यायचो. पेठ वडगावला एक सलामीचा फलंदाज होता. चेंडू पॅडवर लागला, की अपील व्हायच्या आत हा 'आई गं' करून खाली बसायचा. कळवळलेल्या माणसाला बाद कसं द्यायचं, अशी अंपायरची पंचाईत. एकदा मी शांतपणे बोट वर केलं आणि विचारलं, "फार लागलं का रे?" तो उठला, "आता न्हाय दुखत," म्हणाला आणि तरातरा चालत गेला. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत मला चहा आला नाही. "दूध नासलं, बापू," त्यांचा कप्तान म्हणाला. बाकीचे सगळे माझ्यासमोर फुर्र फुर्र करून पीत होते.

मंगळवार पेठेत एक अंगापिंडाने दांडगा गोलंदाज होता. सकाळी तालमीत, दुपारी मैदानात. तो अपील करायला माझ्याकडे वळायचाच नाही. दोन्ही हात वर करून थेट पळत जायचा आणि विकेटकीपरला कमरेत धरून उचलायचा. एकदा मी नाबाद दिला तरी कीपर आपला हवेतच.

"खाली ठेव त्याला," मी म्हणालो.

"बापू, आता उचललाय तर द्या की."

अशा माणसांत पंधरा-वीस वर्षं काढली, की नाव होतं. 'बापूंनी दिला म्हणजे होता' असं लोक म्हणायला लागले. हे वाक्य कानाला फार गोड लागतं. ते पुढे मुळावर आलं. माझ्या नाही, इराप्पाच्या.

आता मॅटबद्दल सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक मैदानांवर गवताची खेळपट्टी नव्हती. मुरूम कुटून केलेल्या पट्टीवर काथ्याची लांबलचक मॅट टाकायची, दोन्ही बाजूंनी दहा जणांनी ताणायची आणि कडेने लोखंडी खिळे ठोकायचे. त्या मॅटला लांबीच्या दिशेने उभे धागे असतात. माझी एक खास युक्ती होती. सकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी गोलंदाजाच्या बाजूला उभं राहून मी इकडच्या स्टंपापासून समोरच्या लेग स्टंपापर्यंत जाणारा एक धागा डोळ्यांनी पकडायचो. दिवसभर तोच माझा धागा. चेंडू त्याच्या पलीकडे पडला, की टप्पा बाहेर. खडूची रेघसुद्धा इतकी नेमकी नसते. नव्या अंपायरांना मी ही युक्ती शिकवायचो आणि तेही कौतुकाने माना डोलवायचे. तो धागा फक्त मॅट हलली नाही तरच खरा, एवढं मात्र मी कधी कुणाला शिकवलं नाही. स्वतःलाही नाही.

लीगचा उपांत्य सामना होता, कबनूर विरुद्ध मंगळवार पेठ. इराप्पा तेव्हा बावीस-तेवीसचा. घरी चार यंत्रमाग, रात्रपाळी करून सकाळी खेळायला यायचा. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि बॅट हातात आली की मुका. जिल्ह्याच्या संघासाठी पंधरा दिवसांनी निवड सामने होते आणि त्याचं नाव यादीत होतं. जेवणाच्या सुट्टीला तो त्रेचाळीसवर नाबाद होता.

सुट्टीत फलंदाजीच्या बाजूची मॅट ढिली झाली, म्हणून पोरांनी चार खिळे उपटले, मॅट ओढली आणि पुन्हा ठोकले. मी झाडाखाली पुरी-भाजी खात होतो. ते मी लांबून पाहिलं आणि पुरी संपवली.

खेळ सुरू झाला. पहिलाच चेंडू पडायच्या आधी इराप्पाने हात वर केला आणि माझ्यापर्यंत चालत आला.

"अंपायर, मॅट तिरकी बसलीया. धागा बघा की, माझ्या लेग स्टंपाच्या भाईर चाललाय."

"सकाळी बघितलाय मी."

"सकाळचं न्हवं, आत्ताचं बघा. मी मागावर बसतो, मला धागा कळतो."

आजूबाजूची पोरं हसली. मला वाटलं, सगळ्या कोल्हापूरला धागा शिकवणाऱ्या बापूंना हा धागा शिकवतोय. मी म्हणालो, "तू बॅटिंग कर. मॅट मी बघतो." आणि बघितली नाही.

दोन षटकांनी त्यांच्या लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडून झपकन वळला आणि इराप्पाच्या मागच्या पायावर, मधल्या स्टंपासमोर आदळला. टप्पा? माझ्या धाग्यावर. बॅट? लागली नाही. रेषेत? अगदी. स्टंपांवर? डोळे झाकून. पहिलवान गोलंदाजाने, तो तेव्हा स्लिपमध्ये होता, माझं बोट वर जायच्या आधीच कीपरला उचललं होतं.

इराप्पा ओरडला नाही, त्याने बॅट आपटली नाही. तो गुडघ्यावर बसला, बॅटचं टोक त्या धाग्यावर ठेवलं आणि धाग्यावरून मागे सरकवत नेलं, स्टंपांपर्यंत. बॅट लेग स्टंपाच्या बाहेरून निघून गेली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मिनिटभर तो तसाच बसला. लोक ओरडायला लागले, तेव्हा त्याचा कप्तान येऊन त्याला घेऊन गेला.

नियम असा आहे, की अंपायरला चूक उमगली तर तो लगेच निर्णय फिरवू शकतो. दोन्ही हात छातीवरून आडवे नेऊन उजवा डाव्या खांद्यावर, डावा उजव्या खांद्यावर ठेवायचा, की आधीची खूण रद्द. मला तो नियम पाठ होता. हात मात्र कोटाच्या खिशात चिंचोके मोजत राहिले.

संध्याकाळी सामना संपला. पोरांनी खिळे उपटून मॅट गुंडाळली आणि खालचा मुरूम उघडा पडला. फलंदाजाच्या बाजूला सकाळच्या खिळ्यांची भोकं होती आणि त्यांच्या शेजारी दुपारच्या खिळ्यांची. बूट बांधायचं निमित्त करून मी खाली वाकलो आणि दोन भोकांच्या मधे हात ठेवला. चार बोटं बरोबर मावली. टप्पा पडला होता तिथे ती तीन झाली असतील. पण पायचीतला एक बोटही खूप असतं.

हे बघून झाल्यावर मी रिपोर्ट लिहिला. क्रम लक्षात घ्या. आधी भोकं पाहिली, मग रिपोर्ट लिहिला.

छापील फॉर्म होता. 'खेळाडूचे वर्तन' ह्या रकान्यात लिहिलं, 'बाद दिल्यावर खेळपट्टीवर बसून राहिला, बॅटने खुणा करून अंपायरचा जाहीर अवमान केला.' ह्यातला शब्द न् शब्द खरा दाखवता येईल. त्याच्याखाली रकाना होता, 'खेळाडूने दिलेले कारण'. तिथे मी एक आडवी रेघ ओढली, म्हणजे काही नाही. त्याने दोनदा कारण दिलं होतं, एकदा तोंडाने, एकदा बॅटने.

बापूंनी लिहिलं म्हणजे होतं. इराप्पाला एक हंगाम बसवलं. निवड सामने गेले. पुढच्या वर्षी वडील आजारी पडले, माग त्याच्या अंगावर आले आणि क्रिकेट सुटलं. तो जिल्ह्याकडून खेळला असता का? चेंडू स्टंपांवर गेला असता का, तसाच हा प्रश्न. तेव्हा मात्र मी बोट वर करायला एक क्षणही लावला नव्हता.

मी अंपायरिंग करत राहिलो. एक फरक पडला. सुट्टीनंतर मी मॅटभोवती फेरी मारायला लागलो. लोक म्हणायचे, "बापू म्हणजे काटेकोर हं." मी मान डोलवायचो.

दोन हजार सालानंतर मी मैदान सोडलं आणि नव्या अंपायरांच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बसायला लागलो. एका वर्षी दारातून इराप्पा आत आला. पस्तिशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात नियमांचं पुस्तक, पानं हाताळून मऊ झालेली. आम्ही तिघे परीक्षक. त्याने एकही उत्तर चुकवलं नाही. शेवटी आमच्या अध्यक्षांनी विचारलं, "एकदा बाद दिल्यावर अंपायर निर्णय फिरवू शकतो का?"

"शकतो. लगीच फिरवला तर."

"खूण कशी?"

त्याने दोन्ही हात आडवे नेऊन खांद्यांवर ठेवले. बघत होता माझ्याकडे.

अध्यक्षांनी कागद चाळले. "ह्याच्यावर जुना रिपोर्ट आहे की. अवमानाचा. बापू, तुमचीच सही आहे."

खोलीत पंखा फिरत होता. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी पाण्याचा पेला उचलला, प्यालो आणि म्हणालो, "जुनी गोष्ट आहे ती."

लोकांना ते मोठ्या मनाचं वाटलं. अध्यक्ष म्हणाले, "गोष्ट जुनी, पण स्वभावाला औषध नसतं." इराप्पा नापास झाला. त्याने नमस्कार केला, खुर्ची आत सरकवली आणि गेला. त्याच्या स्वभावाविषयी त्या खुर्चीनेच साक्ष दिली होती. आम्ही कुणी ती नोंदवली नाही.

पुढे काही वर्षांनी टीव्हीवर ते नवीन प्रकरण आलं. अंपायरचा निर्णय पटला नाही तर खेळाडू हाताने चौकोनी खूण करतो आणि वरच्या खोलीत बसलेला तिसरा अंपायर पुन्हा पुन्हा चित्र बघतो. एका टोकाच्या स्टंपांपासून दुसऱ्या टोकाच्या स्टंपांपर्यंत एक रंगीत पट्टी दाखवतात. टप्पा पट्टीत की बाहेर, कुणीही शेंबडं पोर सांगेल. ती पट्टी बघत मी कितीतरी वेळ बसायचो. तिला खिळे नसतात. ती कुणी ओढत नाही.

एका परदेशातल्या सामन्यात अंपायरने पायचीत दिला. फलंदाजाने खूण केली. पट्टी आली आणि टप्पा तीन बोटं लेग स्टंपाच्या बाहेर. मैदानातल्या अंपायरने सगळ्या जगासमोर दोन्ही हात खांद्यांवर ठेवले. गोलंदाज हसला, धाव सुरू करायच्या जागी परत गेला, पुढचा चेंडू पडला.

सुमन शेजारी बसून घेवडा निवडत होती. तिने विचारलं, "एवढंच असतंय व्हय?"

"एवढंच."

"तुम्ही कधी केलासा का असं?"

मग मी तिला सगळं सांगितलं. भोकं, रिपोर्ट, रेघ, पाण्याचा पेला. तिने घेवड्याच्या शिरा काढणं थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "हे मला सांगून काय उपेग? कबनूर काय लंडनला हाय?"

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. पत्ता विचारत मागाच्या शेडपर्यंत पोचलो. आत आठ माग एकाच वेळी चालले होते. त्या खडखडाटात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. इराप्पा एका मागापाशी वाकून तुटलेला धागा जोडत होता, कानात कापसाचे बोळे. त्याने मान वर केली. मी दोन-तीनदा काहीतरी बोललो असेन. त्याने कानाकडे बोट दाखवून हात हलवला.

तेव्हा मी दोन्ही हात आडवे नेले आणि खांद्यांवर ठेवले.

तो तसाच वाकून राहिला. मग आधी तो धागा जोडून घेतला, माग सुरू केला आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं. समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

"बापू, पंधरा वर्सं लागली हात वर न्यायला. खांदा धरलाय काय?"

"चूक झाली, इराप्पा. मॅट तिरकी होती. मी नंतर भोकं बघितली."

"म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही बूट बांधाय वाकलासा, तवा मी सायकलपाशी हुतो. बुटाला नाडी न्हवती तुमच्या. चार बोटं ठेवलासा भोकांत. मला वाटलं, आता बापूंना घावलं. आता कायतरी करत्याल." त्याने चहा बशीत ओतला. "मग रिपोर्ट आला."

त्या खोलीत परीक्षेच्या दिवशी तो माझ्याकडे कसल्या नजरेने बघत होता, ते मला टपरीवर बसून कळलं. मला वाटायचं, त्याला संशय आहे. त्याला खात्री होती. तो फक्त वाट बघत होता.

मी म्हणालो, "तू बोलला का नाहीस? तिथेच सांगायचंस."

"म्या सांगून कोण ऐकनार? बापूंनी लिवलं म्हंजे हुतं की." तो हसला, त्यात टोचणारं काही नव्हतं, आणि तेच टोचलं. "विकेटचं काय न्हाय वो. आउट आज न्हाय तर उद्या हुतोच मानूस. पर त्या कागदावर मी भांडखोर हाय. मी खरं बोललेलो. तेवढा कागद बदला."

मी त्या आठवड्यात जिल्हा क्रिकेट संघटनेला चूक कबूल करणारं पत्र पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. कार्यालय हलवताना जुन्या फायली वाळवीने खाल्ल्यामुळे सदर रिपोर्ट आढळत नाही, सबब त्यात दुरुस्ती करता येत नाही. नापास करायला सापडला होता तो कागद दुरुस्त करायला सापडेना.

ते उत्तर मी इराप्पाला वाचून दाखवलं. "वाळवी शानी," तो म्हणाला. "तिनं तुमचंच तेवढं खाल्लं." मग म्हणाला, "चार मान्सं वाचत्याल असं कुटंतरी लिवा की."

परवाना नसला तरी तो हल्ली तिकडच्या कॉलेजांच्या सामन्यांना उभा राहतो. एका रविवारी मी बघायला गेलो. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने खिशातून मागाच्या सुताचं रीळ काढलं, एक टोक इकडच्या, त्याच रेषेतल्या स्टंपाला बांधलं आणि दुसरं टोक समोरच्या लेग स्टंपापर्यंत चालत नेलं. वाकून मॅट बघितली. मग दहा जणांना बोलावून सगळे खिळे उपटायला लावले. खेळ वीस मिनिटं थांबला. लोक ओरडत होते. त्याने कुणाकडे बघितलंही नाही.

माझ्याकडे आता तो फॉर्म नाही, पण रकाने पाठ आहेत. संपादकांनी दिलेल्या जागेतली शेवटची थोडी जागा मी त्यासाठीच राखून ठेवली होती.

खेळाडूचे नाव: इराप्पा, कबनूर.

खेळाडूचे वर्तन: चांगले.

खेळाडूने दिलेले कारण: मॅट तिरकी आहे, असे त्याने चेंडू पडण्यापूर्वी सांगितले होते. ती चार बोटे तिरकी होती. मी मोजली होती.